वाघाला विचारलेला तिसरा प्रश्न

नगर

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. माहेर शनिशिंगणापूरच्या बाजूचं, म्हणजे जिथं घरांना दारं लावायची पद्धत नव्हती त्या मुलखातलं. आणि मी मात्र नगरमधल्या माझ्या फ्लॅटला कुलूप लावल्यावर ते तीन-तीनदा ओढून पाहते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्या पाठीमागं तो रिक्षा करून येतो, असं आमच्या घरात चिडवतात. त्यामुळं यमुनाताईंनी 'बाई, वाघबारशीला माझ्या गावी चला' असं म्हटलं, तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, 'वाघ खरा असतो का हो?'

'खरा बी असतो,' ताई म्हणाल्या. 'पन त्यो बोलावल्यावर येत न्हाई.'

यमुनाताई आमच्या शेजारच्या इमारतीत राहतात. महादेव कोळी या आदिवासी जमातीच्या, अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या जांभळीच्या वाडीच्या. गावची जागा बाईसाठी राखीव झाली, तेव्हा सही करता येणारी बाई म्हणून लोकांनी त्यांना सरपंच केलं. सही पुरुष सांगतील तिथं करायची, अशी सगळ्यांची समजूत होती. पहिल्याच वर्षी ती समजूत फिटली. तिथून पंचायत समिती, मग नगरला जिल्हा परिषद, आणि शेवटी दिल्लीला राज्यसभा. मी शाळेतून निवृत्त झालेली मराठीची बाई. आपलं चरित्र लिहून द्या, असं ताईंनीच मला सांगितलं, आणि वर्षभर रोज संध्याकाळी मी त्यांच्याकडं बसून लिहून घेत होते.

जिल्हा परिषदेत ताईंची एक रीत होती. इंजिनिअर असो की ठेकेदार, त्याला भर सभेत उभं करायचं आणि सरळ विचारायचं, 'ह्या पावसाळ्यात आमचा रस्ता वाहून जानार का?' तो आधी इकडचं तिकडचं बोलायचा. ताई तोच प्रश्न पुन्हा विचारायच्या. शेवटी तो 'नाही' म्हणाला की त्या खाली बसायच्या. 'सगळ्यांम्होरं तोंडातून काढून घेतलं की मानूस बांधला जातो,' त्या म्हणायच्या. हे कुठं शिकलात, असं मी विचारलं होतं. 'वाघबारशीला,' एवढंच त्या बोलल्या होत्या.

आता त्यांना गावी परत जायचं होतं, कायमचं. वय झालं, हृदयाचं दुखणं लागलं, मुलं परदेशी. वडिलांच्या जागेवर दोन खोल्या बांधाव्यात आणि धाकटी बहीण हौसाबाई हिच्या शेजारी राहावं, एवढीच इच्छा. जागा त्यांचीच होती, कायद्यानं कुणी अडवलं नसतं. पण गाव चिडलेलं होतं. वाडीच्या मागच्या पठारावर मोठं तळं बांधायचं, खालच्या धरणाचं पाणी वर चढवायचं आणि ते परत सोडून वीज करायची, असा प्रकल्प मंजूर झाला होता. पठार म्हणजे वाडीचं गायरान. गावची माणसं ताईंना भेटायला पार दिल्लीला गेली होती. ताई 'बोलते' म्हणाल्या, आणि सभागृहात बोलल्याच नाहीत. का बोलल्या नाहीत, हे त्यांनी मलाही सांगितलं नव्हतं. तो विषय निघाला की त्या चहा ठेवायला उठायच्या.

'गावानं व्हय म्हटल्याबिगर तिथं राहून करू काय?' त्या म्हणाल्या. 'पानी कोन देनार? मेल्यावर खांदा कोन देनार?'

राजूर

नगर सोडलं तेव्हा ऊन कडक होतं. दोन्ही बाजूंना करडी रानं आणि बाभळी, आमचा नेहमीचा देखावा. संगमनेरला मिसळ खाल्ली. ती इतकी तिखट होती, की पुढचा अर्धा तास मला वाघाची आठवण झाली नाही. अकोल्याच्या पुढं मात्र मुलूखच बदलला. डोंगर जवळ येत गेले, भाताची खाचरं पिवळी झालेली, बांधांवर सोनकीची शेवटची फुलं. एकाच जिल्ह्यात आमच्याकडं हंडाभर पाण्यासाठी वणवण आणि इथं दगडांतूनसुद्धा पाझर, हे पाहून मला थोडा रागच आला.

राजूरला मुक्काम केला. इथले पेढे प्रसिद्ध. दुकानात उभ्यानंच आम्ही पेढे खात होतो, तेव्हा दुकानदारानं ताईंना ओळखलं. त्यानं नमस्कार केला, पण पैसे घेताना हळूच म्हणाला, 'ताई, वाडीवर जाताय जनू. जरा जपून. मोजनीवाल्यांच्या गाडीच्या काचा फोडल्यात तिथं.'

माझ्या हातातला पेढा तसाच राहिला. ताईंनी आपला संपवला, हात पुसले, आणि गाडीत बसल्यावर ड्रायव्हर बाळूला थोडं थांबायला सांगून मला म्हणाल्या, 'बाई, तुमाला सांगायचं राहिलं. औंदा वाघ मी हाय.'

मग सगळं ऐकलं. आमच्याकडं दिवाळीच्या आधी वसुबारस असते, सवत्स धेनूची पूजा. आमच्या इमारतीत त्या दिवशी पितळेच्या गाय-वासराला हळदकुंकू वाहतात, कारण खरी गाय लिफ्टमध्ये मावत नाही. त्याच तिथीला डोंगरात वाघबारस. गुरं राखायची तर गाईला पुजून काय उपयोग, वाघालाच गाठलं पाहिजे, असा इथला रोखठोक हिशोब. शिवेवर शेंदूर लावलेला वाघोबा असतो. वाडीतला एक जण घोंगडी पांघरून वाघ होतो. म्हातारा भगत सगळ्यांसमोर त्याला तीन प्रश्न विचारतो, वाघ तिन्ही वेळा 'न्हाई' म्हणतो, मग आरडाओरडा करून त्याला शिवेबाहेर हाकलतात. तिथं तो घोंगडी टाकतो. घरचं कुणीतरी त्याला नावानं हाक मारतं, आणि तो माणूस होऊन खीर खायला परत येतो.

'वाघ होनारा म्हातारा वारला. तवा गावानं बैठकीत ठरवलं, औंदा यमुनेला करायचं. बाई मानूस आजवर कदी वाघ झालं न्हाई.' ताई खिडकीबाहेर बघत होत्या. 'हौसेचा फोन आल्ता. म्हनली, हाक मारायच्या येळी मी हाय. बाकीचं काय म्या जानत न्हाई.'

दिल्लीत पंतप्रधानांच्या समोर बसलेली ही बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती आणि पुन्हा गुंडाळत होती. मला वाटलं होतं, घाबरणं हे खातं एकट्या माझ्याकडं आहे. दोघींना पुरेल एवढं ते असेल, हे मला तोवर माहीत नव्हतं.

जांभळीची वाडी

धरणाच्या कडेनं रस्ता वर चढतो. एका बाजूला निळंशार पाणी, दुसऱ्या बाजूला सरळ कडा. कठडा काही ठिकाणी आहे, काही ठिकाणी नुसता पांढरा दगड. मी डोळे मिटून बसले होते, म्हणून या भागाचं वर्णन वाचकांनी दुसऱ्या कुणाच्या पुस्तकात पाहावं.

वाडीत शिरताना मी दगडांचीच वाट पाहत होते. दगड आले नाहीत. काहीच आलं नाही. ओट्यांवर माणसं बसलेली होती, त्यांनी आमच्याकडं पाहिलं आणि पुन्हा आपल्या कामाला लागली. कुणी भात वाळवत होतं, कुणी दोर वळत होतं. आमच्या नगरला रागावलेला माणूस चौकात येऊन आई-बहीण काढतो आणि संध्याकाळपर्यंत मोकळा होतो. इथल्या शांततेनं माझ्या तोंडचं पाणी पळालं.

हौसाबाईंचं घर कुडाचं, शेणानं सारवलेलं, आत गार. त्या ताईंपेक्षा ठेंगण्या, कपाळावर गोंदण. त्यांनी कोरा चहा दिला, नाचणीची भाकरी आणि खुरासणीची, म्हणजे आमच्याकडच्या कारळ्याची, चटणी वाढली. चटणी इतकी चांगली होती, की मी भीतीतसुद्धा दुसऱ्यांदा मागून घेतली. दोघी बहिणी एकमेकींशी गुरांबद्दल बोलल्या, गुडघ्यांबद्दल बोलल्या. घराच्या जागेचं नाव कुणी काढलं नाही. शेवटी ताईच म्हणाल्या, 'हौसे, गाव काय म्हनतंय?'

'गाव काय म्हननार. वर पठारावर मोजनीचं लाल झेंडं रोवल्यात, ते बघून बायांना झोप न्हाई.' हौसाबाई ताट उचलता उचलता थांबल्या. 'तू सरपंच हुतीस तवा लोक रातीचं बी निर्धास्त निजायचं. म्हनायचं, यमुना हाय. आता तुजं नाव काढलं की गप बसत्यात. आज समदं नीट हुऊ दे, माजे आई. तीनदा न्हाई म्हन आन ये घरी.'

'येते की,' ताई म्हणाल्या.

शीव

दुपार कलल्यावर सगळी वाडी शिवेवर निघाली. वाट कारवीच्या झुडपांतून जाते, पुरुषभर उंचीची झुडपं, आत काय आहे ते दिसत नाही. 'इथं बिबट्या आहे का?' असं मी एका आजीबाईंना विचारलं. त्या हसून म्हणाल्या, 'हाय ना. लई भला हाय.' यानं माझा जीव काही भांड्यात पडला नाही.

वाघोबा म्हणजे उभा दगड, त्यावर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य. बाजूला तीन चुलींवर नव्या तांदळाची खीर रटरटत होती, दूध घराघरांतून गोळा केलेलं. वास असा सुटला होता, की एरवी मी तिथंच बसकण मारली असती. भगत धोंडूबाबा, वाळलेल्या हिरड्यासारखा चिवट म्हातारा, काठी घेऊन पुढं आला. त्यानं काळी घोंगडी ताईंच्या डोक्यावरून टाकली. एका क्षणात समोरच्या ताई दिसेनाशा झाल्या. घोंगडीखाली काहीतरी वाकलेलं, श्वास घेणारं उभं होतं. ती आपली शेजारीण आहे, हे मी स्वतःला बजावत राहिले.

'वाघोबा, गाईवासरांवर येशील का?' बाबाचा आवाज खणखणीत.

'न्हाई,' घोंगडीतून उत्तर आलं.

'लेकराबाळांवर येशील का?'

'न्हाई.'

'आमच्या शिवंच्या आत येशील का?'

सगळे थांबले. एव्हाना 'न्हाई' यायला हवं होतं. हाकलताना वाघाला मारायचे शेणाचे गोळे हातात घेऊन बायका उभ्या होत्या. हौसाबाईंचे ओठ हलताना मला दिसले. त्या बहिणीसाठी तो शब्द म्हणत होत्या.

'येनार,' घोंगडी म्हणाली.

बायांनी पोरं ओढून मागं घेतली. कुणीतरी 'आई गं' म्हणून किंचाळलं. दोन-तीन बाप्ये वाडीकडं पळत सुटले, गोठ्यांकडं. धोंडूबाबा मागं सरकला, आणि त्याची काठी हातातून पडली. आजवर वाघानं असं कधीच म्हटलं नव्हतं. मी या लोकांना हसले नाही. तिथं उभं राहून पाहा, तुम्हीही हसणार नाही.

'अगं बया, काय बोल्लीस तू!' हौसाबाई ओरडल्या.

'बाबा, मी वाघ न्हाई,' घोंगडीतून ताईंचा आवाज आला, आणि तो रडका होता. 'मी यमुना. ह्या तोंडानं मी न्हाई कशी म्हनू? मला यायचंय. घरी यायचंय मला.'

'पांघरून हाय तवर तू वाघ,' बाबानं कशीबशी काठी उचलली. 'मागं घे शब्द. दिस बुडायच्या आत मागं घे.'

'दिल्लीला गप बसलीस, आन आता बोलतीस व्हय?' गर्दीतून एक पुरुष ओरडला. 'का गप बसलीस त्ये सांग!'

मग ताई बोलल्या. वर्षभर मी ज्याची वाट पाहत होते ते उत्तर त्यांनी मला नाही, गावाला दिलं.

'भ्याले,' त्या म्हणाल्या. 'मोठी मोठी मानसं येऊन बसली माज्या म्होरं. वरडली न्हाईत, दमदाटी केली न्हाई. चहा पीत पीत म्हनली, ताई, तुमी बोलनार का? सरळ इचारलं, सगळ्यांम्होरं. आन माज्या तोंडातून निघून गेलं, न्हाई. येकदा निघाल्यावर मला मागं घेता आलं न्हाई.'

चुलीत लाकूड तडकलं. मला वाटलं, आता कुणीतरी पुढं येईल, घोंगडी काढेल. कुणी आलं नाही. मला स्वतःला पुढं व्हावंसं वाटलं, पण मीही पुढं झाले नाही.

'आमच्या शिवंच्या आत येशील का?' बाबानं पुन्हा विचारलं.

'न्हाई,' ताई म्हणाल्या. 'न्हाई येनार.'

मग गोळे सुटले, डफ वाजले, 'हाक हाक' असा एकच गिल्ला झाला. दरवर्षी हे हसत-खेळत चालतं म्हणे. त्या दिवशी कुणी हसत नव्हतं. लोक खरोखरच हाकलत होते, आणि घोंगडी अडखळत दगडापलीकडं, ओढ्याच्या बाजूला गेली. तिथं पोचल्यावर ताईंनी ती अंगावरून टाकली. केस विस्कटलेले, पदराला शेण, छातीवर हात. मी धावत जाऊन त्यांना गोळी दिली. आणि आम्ही दोघी हाकेची वाट पाहत उभ्या राहिलो.

सगळी वाडी दगडाच्या अलीकडं उभी होती. सगळे हौसाबाईंकडं पाहत होते. हौसाबाईंनी तोंड उघडलं. 'य' एवढा तरी आवाज आला असेल. मग त्यांनी आजूबाजूच्या बायांकडं पाहिलं, त्यांच्या कडेवरच्या पोरांकडं पाहिलं, आणि पदर तोंडात कोंबला. एकदा 'येनार' म्हटलेल्या वाघाला नावानं हाक मारून घरी न्यायचं धाडस सख्ख्या बहिणीलाही झालं नाही. मला त्यांचा राग आला. आणि मी त्यांच्या जागी असते तर माझाही आवाज फुटला नसता, हेही मला तेव्हाच कळलं.

थोड्या वेळानं हौसाबाई पळसाच्या पानावर खीर घेऊन आल्या. ती त्यांनी दगडाच्या पायाशी ठेवली आणि मागं वळून न बघता निघून गेल्या. वाडीही मागोमाग निघाली. दिवस डोंगराआड जात होता.

'खाऊन घ्या, ताई,' मी म्हटलं. सकाळपासून त्यांच्या पोटात भाकरीचे दोन घास होते.

'त्यो वाघाचा वाटा हाय, बाई,' ताई म्हणाल्या. 'मानसानं खायचा नसतो.' त्यांनी खिरीला हात लावला नाही. बाळूनं ओढ्याच्या वाटेनं गाडी आणली, तिच्यात बसेपर्यंत त्यांनी तीनदा मागं वळून पाहिलं. कारवीत काहीतरी सळसळलं. वारा असेल. मी काच वर केली आणि लगेच दार ओढून पाहिलं.

पुन्हा नगर

ताईंनी दोन खोल्यांचा विषय पुन्हा काढला नाही. दिवाळी झाली, थंडी पडली. मी पुन्हा रोज त्यांच्याकडं जाऊ लागले. चरित्र दिल्लीपर्यंत आलं होतं. आता त्या चहा ठेवायला उठत नव्हत्या. विचारलं ते सगळं सांगत होत्या, फक्त आवाज उतरला होता. प्रकल्पाविरुद्ध गावाच्या बाजूनं त्यांनी जुन्या ओळखीच्या चार जणांना फोन केले. दोघांनी उचलले.

एका सकाळी मी त्यांच्या दारातून आत शिरत होते, तेवढ्यात हौसाबाईंचा फोन आला. ताईंना ऐकायला कमी येतं, म्हणून त्यांनी स्पीकर लावला. वाघबारशीनंतर बहिणीचा हा पहिलाच फोन. ताईंचा चेहरा उजळला. त्यांनी मला हातानं खुणावलं, बसा, बसा.

'रातीला वासरू गेलं,' हौसाबाई म्हणाल्या. 'माज्या गोठ्यातलं. दाराची कडी तुटली. ओढ्यापतुर रगत हाय.'

'अगं आई गं. तुला काय लागलं का? घरात हाईस ना?' ताई उभ्या राहिल्या. 'फॉरेस्टच्या सायबाला मी फोन लावते. पिंजरा मागवते. घाबरू नगस.'

पलीकडं दार लोटल्याचा आवाज आला. मग हौसाबाई अगदी खालच्या आवाजात, शेजारच्यांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं, म्हणाल्या, 'यमुने, खरं सांग. तू आल्तीस का?'

ताईंनी भिंतीला हात टेकला. 'न्हाई गं, हौसे,' त्या म्हणाल्या. 'मी न्हाई आले. हितंच हाय मी. न्हाई आले गं.' पलीकडचा फोन बंद झाला होता, तरी त्या तेच म्हणत राहिल्या.

मी त्यांना पाणी दिलं, खुर्चीत बसवलं. आदल्या रात्री जेवणापर्यंत मी त्यांच्याच समोर बसले होते. त्यांना जिना उतरतानासुद्धा धाप लागते, हे मला माहीत आहे. मी शिकलेली बाई आहे, चाळीस पोरांच्या वर्गात भूत-पिशाच्च खोटं असतं असं शिकवलेलं आहे. हे सगळं मनात म्हणत मी निघाले, आणि दारात त्यांच्या चपला दिसल्यावर खाली वाकून, तळाला ओढ्याचा चिखल लागलाय का म्हणून, एक चप्पल उलटी करून पाहिली.

'काय बघताय, बाई?' ताईंनी मागून विचारलं.

चप्पल माझ्या हातातच होती.